ॲलिस: इंग्रजी नावाचं मूळ आणि कूळ कसं शोधावं

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. नावाच्या बाबतीत मात्र दोन्ही शोधावं लागतं, आणि तेही वेगवेगळं. नाव ज्या शब्दांपासून घडलं ते त्याचं मूळ. कोणत्या वाटेनं, कोणाच्या तोंडून, कसकशी रूपं घेत ते इथवर आलं, ते त्याचं कूळ. मुलींच्या नावांच्या याद्यांमध्ये ‘ॲलिस म्हणजे सत्य’ किंवा ‘ॲलिस म्हणजे उदात्त’ अशी एका ओळीची उत्तरं सापडतात. त्यातलं पहिलं साफ चूक आहे आणि दुसरं अर्धवट. का, ते कळायला हे एक नाव धरून पूर्ण वाट उलटी चालून बघावी. एकदा जमलं की हीच रीत मार्गारेट, एडिथ, एम्मा यांनाही लावता येते.

आधी रूपं, मग अर्थ

बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. नाव बघितलं की त्याच्यासारखा दिसणारा शब्द कोशात शोधायचा आणि त्याचा अर्थ नावाला चिकटवायचा. व्युत्पत्तीत दिसण्याला फार किंमत नाही. किंमत आहे ती नोंदींना, म्हणजे हे नाव कोणत्या साली, कोणत्या कागदावर, नेमक्या कोणत्या अक्षरांत लिहिलेलं सापडतं याला.

वहीत किंवा स्प्रेडशीटवर पाच रकाने आखा: साल, ठिकाण, नाव जसं लिहिलंय तसं, कागदाची भाषा, आणि तीच व्यक्ती दुसऱ्या कागदावर कशी लिहिली आहे. तिसऱ्या रकान्यात स्पेलिंग सुधारू नका, एक अक्षरही नाही. चौथा रकाना लोक हमखास गाळतात आणि पुढे अडकतात, कारण मध्ययुगीन इंग्लंडमध्ये माणसं इंग्रजी किंवा फ्रेंच बोलत आणि कारकून लिहीत लॅटिन. पाचवा रकाना भरणं सगळ्यात अवघड, पण खरा पुरावा तिथेच मिळतो. वीस-पंचवीस नोंदी जमल्या की कामाला लागता येतं. त्यातल्या निदान चार-पाच १२०० सालाच्या आधीच्या असाव्यात.

ॲलिसच्या बाबतीत पाचवा रकाना एका राणीमुळे सुरेख भरतो. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याने ११२१ साली दुसरं लग्न केलं. वधू लूव्हँच्या सरदाराची मुलगी. लॅटिन कागदांत तिचं नाव ‘आदेलिदिस’, ‘आदेलिझा’, ‘आदेलिसिया’ अशा रूपांत येतं. त्याच लग्नाची नोंद इंग्रजीत लिहिणाऱ्या इतिवृत्तकाराने तिला ‘आथेलिस’ केलं. आणि फिलिप द ताँ या कवीने आपलं प्राण्यांवरचं फ्रेंच पद्यकाव्य तिला अर्पण केलं, त्यात ती ‘आअलिस’ आहे. बाई एक, काळ एक, भाषा तीन. लॅटिन लिहिणाऱ्याने नावातला ‘द’ सांभाळला, फ्रेंच बोलणाऱ्याने तो गाळून टाकला, आणि इंग्रज लेखकाला त्या नावात आपल्याच भाषेतला ‘एथेल’ ऐकू आला. ॲलिस आणि आदेलाइद (इंग्रजीत ॲडलेड) ही एकाच नावाची दोन रूपं आहेत हे सिद्ध करायला याहून नेटका पुरावा क्वचितच मिळेल.

जोड सोडवणं

सगळ्यात जुनं, सगळ्यात लांब रूप हाती आलं की ते फोडायचं. इथे ते जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजी ज्या कुळातल्या त्या भाषाकुळातलं आहे: ‘आदालहाइद’. पहिला भाग ‘आदाल’, म्हणजे थोर, कुलीन. आजच्या जर्मनमध्ये ‘आडेल’ म्हणजे सरदारवर्ग. जुन्या इंग्रजीत याचंच भावंड ‘एथेल’. एथेलरेड, एथेलवुल्फ या राजांच्या नावांत तेच बसलं आहे, आणि एकोणिसाव्या शतकात सुटं होऊन ‘एथेल’ हे मुलीचं नाव म्हणून परत आलं.

दुसरा भाग ‘हाइद’. याचा अर्थ जात, प्रकार, स्वभाव, अवस्था. हा शब्द पुढे जर्मनमध्ये ‘-हाइट’ असा प्रत्यय झाला: ‘फ्राय’ म्हणजे मुक्त, ‘फ्रायहाइट’ म्हणजे मुक्तता. इंग्रजीत त्याचं भावंड ‘-हुड’: चाइल्डहुड, मदरहुड. मराठीत हे काम ‘पण’ करतं: बालपण, आईपण. म्हणून आदालहाइदचं मराठीत जवळात जवळ जाणारं रूप ‘थोरपण’ किंवा ‘कुलीनपण’. नुसतं ‘उदात्त’ म्हटलं की जोडनावाचा मागचा अर्धा भाग हरवतो, म्हणून ते उत्तर अर्धवट.

इथे एक सावधगिरी. जर्मानिक लोकांत नाव ठेवताना त्याचा अर्थ वाक्यासारखा जुळलाच पाहिजे असा आग्रह नव्हता. घराण्यात चालत आलेले नावांचे तुकडे घेऊन नवी जोडणी करायची रीत होती. वेसेक्सच्या एथेलवुल्फ राजाचे मुलगे एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड: पहिला तुकडा घराण्याचा, दुसरा बदलता. तेव्हा ‘आईवडिलांनी थोरपणाचा आशीर्वाद म्हणून हे नाव ठेवलं’ असं लिहू नये. तुकड्यांचा अर्थ सांगावा आणि थांबावं.

‘द’ गेला कुठे?

आदालहाइदमधून ॲलिस कसं निघालं, हे पायऱ्यापायऱ्यांनी दाखवता आलं पाहिजे. एखादी पायरी नुसत्या कल्पनेने भरावी लागली तर तिथे व्युत्पत्ती डळमळते.

दोन स्वरांच्या मधला ‘द’ जुन्या उत्तर फ्रेंचमध्ये आधी मऊ झाला आणि मग गेला. हे एकट्या या नावात झालं असतं तर संशय घेता आला असता. पण लॅटिन ‘विता’ म्हणजे जीवन, त्यातल्या ‘त’चा आधी ‘द’ झाला, मग तोही गेला आणि फ्रेंच ‘व्ही’ राहिलं. लॅटिन ‘विदेरे’ म्हणजे पाहणं, त्याचं ‘व्ह्वार’. नियम सगळ्या भाषेला लागला, नावाला सूट मिळाली नाही. मराठी वाचकाला याचं नवल वाटायचं कारण नाही. महाराष्ट्री प्राकृताने हेच केलं. मदनचं ‘मअण’, नदीचं ‘णई’, आणि पादमधला ‘द’ गळून आपला ‘पाय’ झाला.

पडताळा घ्यायचा तर शेजारच्या बोलीत जा. दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितान भाषेत हा मधला ‘द’ नाहीसा न होता ‘झ’ झाला. तिथे हेच नाव ‘आझलाइस’ असं सापडतं. बाराव्या शतकात त्या नावाची एक कवयित्रीही होऊन गेली. जर्मनीत ‘द’ टिकला, दक्षिणेत ‘झ’ झाला, उत्तरेत पुसला गेला. तिन्ही प्रदेश आपापल्या नियमाने चालले आहेत, म्हणून मूळ एकच.

शेवटचा ‘स’ मात्र अनेकांना चकवतो. लॅटिन लिखाणात नावाला ‘-इस’ हा शेपूटप्रत्यय लागे: आदेलाइदिस. बोलताना त्यातला शेवटचा स्वर गळला, ‘द’ आणि ‘स’ एकत्र आले, त्यांचा ‘त्स’ झाला. जुन्या फ्रेंच लिखाणात हा ‘त्स’ झेड अक्षराने दाखवत, म्हणून बाराव्या शतकात शेवटी झेड असलेली रूपं दिसतात. पुढे उच्चार नुसता ‘स’ राहिला आणि अक्षरही एस झालं.

मग आजच्या स्पेलिंगमध्ये शेवटी सी-ई का? ती इंग्लंडमधल्या लेखनिकांची सोय. शब्दाच्या शेवटी एस लिहिला तर वाचणारा ‘झ’ म्हणेल, म्हणून स्वच्छ ‘स’ दाखवायला सी-ई. माइस, पेन्स, वन्स या शब्दांच्या शेवटी सी-ई आलं तेही याच सोयीने. स्पेलिंगवरून अर्थ काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: सी-ईमध्ये अर्थाचा कणही नाही.

सारखी दिसणारी नावं वेगळी काढा

‘सत्य’ हा अर्थ कुठून आला? ग्रीकमध्ये सत्याला ‘अलेथिया’ म्हणतात. दिसायला जवळचं, म्हणून कोणीतरी जोडलं आणि याद्यांनी उचललं. खोडून काढायची रीत सोपी आहे: मधलं रूप मागा. अलेथियापासून ॲलिसपर्यंत जाणारं एकही जोडणारं रूप नोंदींत नाही, उलट आदेलाइदकडून येणारी साखळी सलग आहे. शिवाय अलेथियापासून बनलेलं स्वतंत्र नाव इंग्लंडमध्ये आहेच, ‘अलेथिया’ याच रूपात. अरंडेलची काउंटेस अलेथिया टॅल्बॉट १५८५ मध्ये जन्मली. तोवर ॲलिसने इंग्लंडात चार शतकांहून जास्त काळ काढला होता.

बाकीच्या लुडबुड करणाऱ्यांपैकी ॲलिसन हे खरं नातलग. आलिस या रूपाला ‘-ऑन’ हा लाडका प्रत्यय लागून ते झालं, जसं मारीचं मॅरियन. पुरावा इंग्रजी कवी चौसर याच्या पात्रात आहे: चौदाव्या शतकाच्या शेवटी त्याने रंगवलेली बाथची बायको एका ठिकाणी ‘डेम आलिस’ आहे आणि दुसऱ्या ठिकाणी तिचा नवरा तिलाच ‘आलिसून’ म्हणतो. पाचव्या रकान्यात ही नोंद जरूर घाला. हायडी हेसुद्धा सख्खं नातं, आडेलहाइटचं आखूड रूप; ॲलिसने नावाचं डोकं ठेवलं, हायडीने शेपूट.

एलिस हे आडनाव मात्र बहुतेक वेळा एलायस या पुरुषनावातून येतं. एलीझ हे एलिझाबेथचं, म्हणजे हिब्रू ‘एलिशेबा’चं. ॲलेक्स, ॲलेक्झांड्रा ग्रीक. ही तिन्ही घरं निराळी. एम्मा आणि एमिली यांचीही अशीच गफलत होते: पहिलं जर्मानिक, दुसरं रोमन कुलनाम एमिलियसवरून.

लॅटिन कागद वाचताना

तेराव्या-चौदाव्या शतकांत ॲलिस हे इंग्लंडमधल्या सर्वांत नेहमीच्या बायकांच्या नावांपैकी एक होतं, पण कागदांत ते ‘आलिसिया’ दिसतं. यावरून त्या काळी बायकांना ॲलिशिया म्हणत असा निष्कर्ष काढू नका. लॅटिनमध्ये नाव चालवायचं तर त्याला ‘-इया’ हवा, म्हणून कारकुनाने तो लावला. तिसऱ्या एडवर्डच्या दरबारातली ॲलिस पेरर्स लॅटिन नोंदींत आलिसिया असते. घरात, बाजारात ती ॲलिसच.

लॅटिनमध्ये विभक्तीप्रमाणे शेवट बदलतो. ‘आलिसिया’ म्हणजे ती, ‘आलिसियाम’ म्हणजे तिला, आणि षष्ठीत ‘आलिसिए’: शास्त्रशुद्ध लिखाणात शेवटी ए-ई, पण मध्ययुगीन हातात नुसता ई. त्यामुळे षष्ठीतलं रूप बघून ‘हे तर इंग्रजी स्पेलिंगचंच एक रूप’ असं वाटण्याचा धोका असतो. बरेचदा कारकून ‘आलिस’ इतकंच लिहून पुढे एक छोटी रेघ ओढतो. छापील आवृत्तीचा संपादक ती रेघ उलगडून पूर्ण आलिसिया छापतो. मूळ पानाचं छायाचित्र मिळत असेल तर तेच बघा.

अक्षर वाचतानाही फसगत होते. जुन्या हस्ताक्षरात सी आणि टी जवळजवळ सारखे असतात. शोधयंत्रात सी टाकून काही सापडलं नाही तर टी टाकून बघा, आणि जिथे तारका चिन्ह चालतं तिथे नुसती पहिली दोन अक्षरं आणि पुढे तारका द्या. वाय असलेलं रूप, दोन एल असलेलं रूप, एस-ई किंवा एस-एसने संपणारं रूप, ही सगळी वेगवेगळी शोधावी लागतात.

१३७७, १३७९ आणि १३८१ या सालांच्या डोईपट्टीच्या याद्या या काळासाठी उपयोगी. पण त्यांत बऱ्याच बायका नुसत्या ‘त्याची बायको’ म्हणून येतात, नाव नसतंच. म्हणून त्यावरून टक्केवारी काढायचा मोह टाळा.

चर्चच्या वह्या ते सरकारी दाखले

इथून पुढे काम सोपं होतं, पण दिशा उलटी ठेवा: अलीकडून मागे. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. जनरल रजिस्टर ऑफिसची जन्मांची सूची ऑनलाइन आहे आणि तिच्यात आईचं माहेरचं आडनावही दिलेलं असतं. एकाच नावाच्या दहा ॲलिस समोर आल्या की निवडीला त्याचाच आधार. मात्र १८७५ पर्यंत नोंद न केल्याबद्दल दंड नसल्यामुळे काही मुलं सूचीत नाहीतच. सूचीत नाही म्हणजे जन्मली नाही असं नव्हे. मग बाप्तिस्म्याची वही बघायची.

पॅरिशच्या, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या वह्या १५३८ पासून, आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने. त्यांत तारखेचा सापळा आहे. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलत असे. वहीत १० फेब्रुवारी १६४० लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने ते १६४१. अशी तारीख टिपताना दोन्ही सालं लिहायची: १६४०/४१. हे विसरलं की मुलगी आईवडिलांच्या लग्नाआधी जन्मलेली दिसते आणि वंशवेलीत नसता घोळ होतो.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून या नावाला उतरती कळा लागली. ते जुनाट, खेडवळ वाटू लागलं. पुढच्या काळात ‘-इया’ने संपणाऱ्या नावांची हौस आली, तेव्हा कागदावरची ॲलिशिया बोलण्यातही उतरली. म्हणजे अठराव्या शतकातली ॲलिशिया ही खरी ॲलिशिया असू शकते, तेराव्या शतकातली जवळजवळ कधीच नसते. साल बघूनच निवाडा करावा.

अमेरिकेत सामाजिक सुरक्षा खात्याची नावांची मोजदाद १८८० पासून मिळते. त्या वर्षी ॲलिस आठव्या क्रमांकावर, १,४१४ मुली. आकडा बघून हुरळून जाऊ नका. सामाजिक सुरक्षेचा कायदाच १९३५ चा. १८८० साली जन्मलेल्यांपैकी ज्यांनी पुढे म्हातारपणी क्रमांक घेतला तेवढ्यांचीच ती मोजणी आहे. त्या सालच्या खऱ्या ॲलिस याहून पुष्कळ जास्त. दुसरं म्हणजे स्पेलिंग बदललं की त्या यादीत नाव वेगळं मोजतात, आणि वर्षात पाचापेक्षा कमी मुलींना ठेवलेलं नाव छापत नाहीत. क्रमांकांची तुलना करा, संख्यांची जपून. इंग्लंड-वेल्सच्या तपशीलवार वार्षिक याद्या १९९६ पासून आहेत.

कारण सांगण्याआधी तारखा लावा

‘ॲलिस हे नाव लुईस कॅरलच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’ या बालपुस्तकामुळे पसरलं’ असं सर्रास लिहिलेलं आढळतं. अशा दाव्यापुढे तारखा एका ओळीत मांडायच्या, बस.

व्हिक्टोरिया राणीची दुसरी मुलगी २५ एप्रिल १८४३ रोजी जन्मली. नाव ॲलिस मॉड मेरी. ज्या मुलीसाठी ती गोष्ट रचली गेली ती ॲलिस लिडेल १८५२ ची. नदीवरच्या ज्या सफरीत गोष्ट प्रथम सांगितली गेली ती ४ जुलै १८६२ ची, आणि पुस्तक १८६५ चं. म्हणजे नाव आधीच परत आलं होतं; पुस्तकाने ते उचललं. पुस्तकाने पुढे नावाला हात दिला असेल, पण उगम त्यात नाही. (राजकन्या ॲलिसचं लग्न १ जुलै १८६२ चं, नदीच्या सफरीच्या तीन दिवस आधी. हा निव्वळ योगायोग आहे. अशा योगायोगांतून सिद्धांत काढायचे नसतात.)

राजकन्येचं नाव ठरलं तेव्हा व्हिक्टोरियाने आपल्या मामाला पत्रात लिहिलं की ॲलिस हे जुनं इंग्रजी नाव आहे आणि मॉडही तसंच. राणीची चूक समजण्यासारखी आहे. सातशे वर्षं वापरलेलं नाव कोणालाही आपलंच वाटणार. पण वर काढलेली साखळी बघा: ॲलिस हे उत्तर फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांबरोबर आलेलं फ्रेंच रूप, आणि मॉड हे माटिल्डाचं, तेही जर्मानिक घराण्यातलं फ्रान्समार्गे आलेलं. खरंखुरं जुनं इंग्रजी भावंड म्हणजे ‘एथेल’, आणि ते तेव्हा अडगळीत पडलेलं. ‘क्लासिक इंग्रजी नाव’ या बिरुदाखाली इतकं समुद्रापलीकडचं सामान असतं.

लग्नानंतर ॲलिस जर्मनीत हेसला गेली. तिथे तिच्या नावाचा उच्चार लोक इतका ओढून-ताणून करत की १८७२ साली जन्मलेल्या मुलीला आपलं नाव देताना तिने ‘ॲलिक्स’ हे रूप निवडलं. ते तरी कमी बिघडेल या आशेने. हीच ॲलिक्स पुढे रशियाची शेवटची सम्राज्ञी झाली आणि तिथे तिचं नाव अलेक्झांड्रा झालं. लेकीचं नाव आईच्याच नावाचं रूप, अलेक्झांड्रा वरून चढवलेलं. दिसण्यावरून उलटा क्रम लावणारे इथे हटकून चुकतात.

नकाशावरसुद्धा ही जोडी भेटते. ऑस्ट्रेलियात चौथ्या विल्यमच्या राणीवरून १८३६ साली ॲडलेड शहर वसलं. १८७१ मध्ये तारेच्या लाइनसाठी वाळवंटात मोजणी करणाऱ्यांना एक पाणवठा दिसला. त्याला तारखात्याचे प्रमुख चार्ल्स टॉड यांच्या पत्नीचं नाव मिळालं, ॲलिस स्प्रिंग्ज. पुढे ॲडलेडहून रेल्वे तिथवर पोचली. एकाच नावाच्या दोन रूपांना जोडणारी रेल्वे जगात दुसरी कुठे असेल तर बघण्यासारखी असेल.

मराठी कागदांत आणि मराठी कळफलकावर

मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांचा शोध घ्यायचा असेल तर बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. एन या अक्षराखाली बंगालचा क्रमांक १, मद्रासचा २, मुंबईचा ३. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीच्या सूचीतून सुरुवात करावी, मग मूळ पान मागावं.

गोव्यात वाट वेगळी आहे. तिथे पोर्तुगीज रीतीने नाव ‘अलीस’ असं, जोर दुसऱ्या अक्षरावर. इंग्रजीत जोर पहिल्यावर, म्हणून ‘ॲलिस’. अक्षरं तीच. त्यामुळे आजीच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचं नाव आणि नातीच्या शाळेच्या दाखल्यावरचं नाव रोमन लिपीत सारखं, देवनागरीत वेगळं दिसू शकतं. इटालियनमध्ये तर तेच स्पेलिंग ‘आलीचे’ वाचतात, आणि त्या भाषेत तो एका छोट्या माशाचाही शब्द आहे. नावाच्या अर्थाशी त्याचा काही संबंध नाही, पण यंत्राने केलेल्या भाषांतरात ‘ॲलिस’ची मासळी झालेली दिसली तर कारण हे.

देवनागरीत शोधताना निदान पाच रूपं टाका: ॲलिस, ॲलीस, एलिस, अलीस, आलिस. उपान्त्य दीर्घ करायच्या मराठी रीतीने ‘ॲलीस’, उच्चाराप्रमाणे ‘ॲलिस’. दोन्ही छापलेली सापडतात. ‘एलिस’ दिसलं की मात्र थांबा: हिंदी वळणाने लिहिलेली ॲलिस, एलिस हे पुरुषी आडनाव, की एलीझ, हे रोमन स्पेलिंग बघितल्याशिवाय ठरवू नका.

शेवटची अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात तीन तऱ्हांनी साठवलेलं असतं. एक, ०९७२ या क्रमांकाचं सबंध अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसरं, ‘अ’ला वेगळा अर्धचंद्र जोडून. तिसरं, त्या दोहोंच्या मध्ये न दिसणारा सांधा टाकून. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात, पण शोधयंत्र त्यांना वेगळी समजू शकतं. म्हणून जुन्या फाइलीत ‘ॲलिस’ सापडली नाही तर आधी सुरुवातीचं अक्षर सोडून नुसतं ‘लिस’ शोधा. जिथे सापडेल तिथलं नाव जसंच्या तसं उचलून शोधचौकटीत चिकटवा आणि पुन्हा शोधा. फाइल ज्या तऱ्हेने टाइप केली असेल ती तऱ्हा आपोआप हाती येते. स्वतःच्या यादीत मात्र पहिलीच तऱ्हा वापरा आणि आधीच्या नोंदी ‘शोधा आणि बदला’ने एकसारख्या करून घ्या, नाहीतर वर्णक्रमाने लावताना अर्ध्या ॲलिस एका टोकाला आणि अर्ध्या दुसऱ्या टोकाला जातात.